मोबाइलमधले विश्वनाथ सर

ऑनलाइन साधनांविषयी माझा दृष्टिकोन अनुकूल आहे, असं मी भर सभेत सांगितलं, त्याला कारण समोसे.

झालं असं की, शिक्षक ऑनलाइन साधनांकडे कोणत्या नजरेनं पाहतात हे तपासायला एक संशोधक बाई आमच्या शाळेत आल्या होत्या. मधल्या सुट्टीत सगळ्यांना शिक्षकखोलीत बसवून त्या एकेकाला विचारू लागल्या. या विषयावर आमच्याकडे तीन पंथ आहेत. पहिल्याचं म्हणणं, खडू तो खडू. दुसऱ्याचं म्हणणं, काळाबरोबर गेलं पाहिजे. तिसरा आणि सगळ्यात मोठा पंथ म्हणतो, काळाबरोबर अवश्य जावं, फक्त दुसऱ्या कोणीतरी. मी या तिसऱ्यातला. माझी पाळी आली तेव्हा समोशांची परात दारात येऊन उभी होती आणि चर्चा संपल्याशिवाय ती आत येणार नव्हती. 'अनुकूल' एवढंच म्हणून मी बसायला हवं होतं. पण एका शब्दावर थांबता आलं असतं तर मी मराठीचा कशाला, गणिताचा शिक्षक झालो असतो. मी म्हणालो, मोबाइल म्हणजे विहिरीवरचा रहाट. पाणी आपलंच, आपल्याच मातीतलं. रहाट ते फक्त वर आणतो. टाळ्या पडल्या, समोसे आत आले. मुख्याध्यापिका सरिता मॅडम मात्र हातातला समोसा खायचा विसरून माझ्याकडे पाहत राहिल्या. कसायाच्या दुकानात गिऱ्हाईक बघतं तसं.

पुढच्याच आठवड्यात अनिश नावाचा एक हसतमुख तरुण शाळेत आला. कुठल्याशा कंपनीचे तयार पाठ घेऊन फिरत होता. पडद्यावर रंगीत चित्रं हलायची, एक मंजुळ आवाजाची बाई कविता शिकवायची, आणि शेवटी टाळ्याही तीच वाजवायची. आमच्या संस्थेचे सचिव मारोतराव अगदी हरखून गेले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, तुमाले तर आरामच आराम. बटन दाबायचं न कोपऱ्यात बसून राह्यचं."

सातवी 'अ'ला मी ओव्या शिकवतो. वर्षभर व्याकरण, निबंध, पत्रलेखन असं सगळं उन्हातून चालत यावं आणि मग एका झाडाखाली टेकावं, तसा तो ओव्यांचा तास असतो. दळता दळता बायांनी जात्याला सांगितलेलं मन ते. लेकराचं, भावाचं, माहेराचं. मी पहिली ओळ म्हणतो, मुलं दुसरी उचलतात, आणि बाकांना बाक लागलेली ती खोली हळूहळू एका घरासारखी व्हायला लागते. त्या तासाला मी कोपऱ्यात बसून बटण दाबायचं?

मी काही बोलायच्या आत सरिता मॅडम बोलल्या. आमचे विश्वनाथ सर ऑनलाइनला फार अनुकूल आहेत, रहाटाचं उदाहरण दिलं त्यांनी, ते स्वतःच आपला पाठ तयार करतील. मारोतराव म्हणाले, मग होऊन जाऊ द्या सामना. शनिवार संध्याकाळपर्यंत सरांचा पाठ शाळेच्या पोर्टलवर चढला पाहिजे. सोमवारी सातवीच्या पोरांना दोन्ही दाखवू. पोरं ज्याच्यात रमतील, ते पुढच्या वर्षापासून कायमचं. थोडक्यात, मी हरलो तर ओव्यांचा माझा तास त्या मंजुळ बाईंच्या पदरात.

घरी येऊन मी ही हकिकत बायकोला सांगितली. उत्तरा म्हणाली, "समोसे कशाचे होते?"

पाठ रेकॉर्ड करणं म्हणजे काय, मोबाइल समोर उभा करायचा आणि बोलायचं, अशी माझी समजूत होती. मोबाइल उभा करण्यातच पहिली सकाळ गेली. शेवटी तांदळाचा डबा, त्यावर शब्दकोशाचे दोन जाड खंड आणि त्याला टेकायला पाण्याचा तांब्या, असा मनोरा उभा राहिला. कपाटाच्या दाराला काळा कागद चिकटवून फळा केला आणि मी रंगून शिकवलं. संपल्यावर पाहतो तर पडद्यावर माझी पाठ, पाठीवर घामाचा नकाशा आणि वर थोडं टक्कल. आयुष्यभर फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची सवय. वर्गात ते चालतं, मुलं मागून माझ्या कानांच्या हालचालीवरूनही मी रागावलोय का ते ओळखतात. मोबाइलला ती विद्या नाही.

दुसऱ्या वेळी मी निश्चयानं तोंड समोर ठेवलं. तोंड छान आलं. आवाज मात्र कूलरचा आला.

नागपुरात एप्रिलमध्ये कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो. तो बोलायला लागला की बाकीच्यांनी खुणांनी बोलायचं. आमचा कूलर तर खिडकीतून असा गर्जतो की पाहुणे आधी त्यालाच नमस्कार करतात. त्या गर्जनेत मी ओठ हलवत होतो, हातवारे करत होतो, डोळ्यांत पाणी होतं आणि ओवी कुठेच नव्हती. कूलर बंद करून तिसऱ्यांदा सुरुवात केली, तर आमच्या प्रताप नगरातल्या तीन मजली इमारतीतले उरलेले सगळे कूलर ऐकू यायला लागले.

इथे वरच्या मजल्यावरच्या देवरावांचा प्रवेश होतो. देवराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या सोसायटीचे चेअरमन आणि स्वभावानं इतके परोपकारी की त्यांना टाळण्यासाठी लोक जिना उतरताना चपला हातात घेतात. ते म्हणाले, "एवढंच न? नको तो आवाज पुसून टाकायचं ॲप असते गा. आणा इकडे." त्यांनी पंधरा मिनिटं बोटं चालवली. ॲपनं आपलं काम चोख केलं. रेकॉर्डिंगमध्ये जो आवाज सलग, दमदार आणि आत्मविश्वासानं येत होता तो मुख्य वक्ता मानला आणि मधूनमधून जी कुरकुर ऐकू येत होती ती पुसून टाकली. ओव्यांवर कूलरचं निर्मळ भाषण मी पूर्ण ऐकलं. मुद्देसूद होतं.

देवरावांच्या सौभाग्यवती जयाताई मागोमाग आल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचं माझं रूप दुःखानं पाहिलं आणि म्हणाल्या, भाऊजी, त्या बाईसमोर तुमी उभे राह्यनार, केस तरी काळे करा. मी ठाम नकार दिला. ज्ञानाला केस नसतात, असं काहीतरी बोललोही. संध्याकाळी उत्तरानं काही न बोलता वाटीत काळा रंग कालवून आणला, आणि मी काही न बोलता स्टुलावर बसलो.

मग देवरावांना युक्ती सुचली. सगळ्या इमारतीनं एकाच वेळी कूलर बंद ठेवायचे. पण त्यासाठी चेअरमनकडे अर्ज करावा लागेल, ते म्हणाले. मी म्हटलं, चेअरमन तुम्हीच आहात. "म्हणून तर सांगून राहिलो," देवराव म्हणाले, "आपल्याच घरचा माणूस हाय म्हणून नियम मोडला असं कोनी म्हनाले नाही पाहिजे." मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेननं अर्ज लिहिला. त्यांनी तो घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला, 'नम्र' हा शब्द राहिल्याचं दाखवलं आणि मग विचारार्थ ठेवून घेतला. विचार करायला ते आतल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा मंजुरी होती. शुक्रवारी दुपारी चारला अर्धा तास शांतता पाळावी, असा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर गेला. त्याखाली दोघांनी हात जोडले, एकानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

शुक्रवारी चार वाजता खरोखरच इमारतीतला एकेक कूलर थांबत गेला. पण कूलर बंद झाल्यावर माणूस घरात बसून करणार काय? सगळे खाली आले. पायऱ्यांवर, दारात, खिडकीच्या गजांशी माणसं जमली. कोणी पंखा म्हणून वर्तमानपत्र आणलं होतं, कोणी टरबुजाच्या फोडी. देवराव जिन्यात उभे राहून सगळ्यांना शांत राहायला सांगत होते, आणि ते इतक्या मोठ्यानं सांगत होते की शेजारच्या इमारतीतली माणसंही शांत होऊन गच्चीवर आली.

मग कशी कोण जाणे, एक क्षणभर खरी शांतता झाली. एप्रिलच्या दुपारची शांतता. कडुलिंबाची पानं एकमेकांना लागताना ऐकू येत होती. कुठेतरी कबुतर घुमत होतं, अगदी जात्यासारखं, संथ आणि गोल. मला मोबाइल दिसेनासा झाला. तांदळाचा डबा, शब्दकोश, तांब्या, सगळं विरघळलं आणि त्या जागी सातवी 'अ' बसली. मी म्हटलं,

दाण्यामागं दाणा, जात्यामंदी पडे
माहेराची वाट, दळता दळता उलगडे

आणि शिकवत सुटलो. घाम कपाळावरून वाहत होता, त्याची शुद्ध नव्हती. संपलं तेव्हा पायऱ्यांवरून टाळ्या आल्या आणि जयाताई डोळे पुसत होत्या. मी गहिवरून उत्तराकडे पाहिलं. ती माझ्या कपाळाकडे पाहत होती. केसांचा रंग घामाबरोबर उतरून दोन काळे ओघळ भुवयांपर्यंत आले होते.

पण ते ओघळ ही किरकोळ गोष्ट निघाली. रेकॉर्डिंग लावलं तेव्हा खरा घात कळला. मी पडद्यावर प्रश्न विचारत होतो आणि थांबत होतो. "जात्याचा आवाज कसा येतो?" असं विचारून मी समोर पाहत उभा. कोणी काही बोलत नाही. मग मी प्रसन्न होऊन म्हणतो, "छान. बस खाली." मध्येच कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "रजत, बाहेर काय आहे?" पुन्हा थांबतो. पुन्हा मान हलवतो. पाठभर हेच. शिक्षकानं प्रश्न विचारला की थांबायचं, ही सवय हाडात मुरलेली. रिकाम्या हवेला शाबासकी देणारा एक घामेजलेला, ओघळलेला गृहस्थ.

उत्तरानं रेकॉर्डिंग थांबवलं. मग हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही कोणाशी बोलून राहिले होते?"

मी पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हटलं. इमारतीनं एकमुखानं नकार दिला. एका दुपारचं कूलरदान पुरे झालं. मधल्या मोकळ्या जागा कापून टाकता येतात म्हणे, पण आवाज पुसण्याचा अनुभव ताजा असल्यानं देवरावांच्या हाती मी मोबाइल द्यायला तयार नव्हतो. जसा आहे तसा पाठ चढवायचा ठरवलं. निदान सामन्याला उतरलो नाही, असं तरी कोणी म्हणणार नाही.

शनिवारी सकाळी पोर्टल उघडलं. पोर्टलनं माझं नाव विचारलं, विषय विचारला, आणि म्हणालं की आता मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर एक गुप्त क्रमांक गेला आहे, तो इथे भरा. सरिता मॅडम नागपूरजवळच्या खाप्याला भाचीच्या लग्नात. फोन वाजत राहिला, उचलला कोणी नाही. एकदा उचलला गेला तेव्हा पलीकडून नुसता बँड आला. मॅडम काहीतरी आकडे ओरडत असाव्यात, पण बँडपुढे त्यांचं चालेना, आणि तोवर क्रमांकाची मुदतही संपून गेली. असं चारदा झालं.

देवराव म्हणाले, "चाला."

मी विचारलं, कुठे?

"खाप्याले. काहून, सोमवारी त्या बाईले तास देऊन टाकता का?"

तर अशा रीतीनं, ऑनलाइन काम करण्यासाठी आम्ही दोघं भर दुपारी स्कूटरवर बसून खाप्याला निघालो. डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, ऊन लागू नये म्हणून खिशात एकेक कांदा, उन्हाचा झोत तोंडावर असा की जणू कोणी तंदूरचं झाकण उघडून धरलंय. वाटेत देवराव मला तंत्रज्ञानानं जग कसं जवळ आलं ते सांगत होते. मांडवात पोचलो तेव्हा वधूपित्यानं आम्हाला वरपक्षाचे समजून पाट मांडले. ओळख पटवण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून आधी जेवलो. वरपक्षाच्या दोन मावश्यांनी माझी विचारपूस केली. मग बुंदी वाढत असलेल्या सरिता मॅडम दिसल्या. त्यांनी झारा खाली ठेवून पर्समधून मोबाइल काढला, मी शेजारी पोर्टल उघडून बसलो, आणि मांडवातल्या कूलरच्या वाऱ्यात आम्ही तो क्रमांक भरला. पोर्टलवर हिरवी खूण उमटली तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मंगलाष्टकं चालली होती. देवरावांनी उरलेल्या अक्षता माझ्यावर टाकल्या.

सोमवारी सातवी 'अ' सभागृहात बसली. मी मागे दाराशी उभा राहिलो, लागलंच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून. आधी अनिशचा पाठ झाला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. चित्रातलं जातं फिरत होतं, पीठ बर्फासारखं पडत होतं. मुलं शहाण्यासारखी बघत होती आणि बाईंनी टाळ्या वाजवल्यावर त्यांनीही वाजवल्या. मारोतरावांनी पहिल्या रांगेत मान डोलावली. गेली इतकी वर्षं मी ज्या तासावर जगलो, तो माझ्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि जाताना टाळ्या घेत होता.

मग पडद्यावर मी आलो. ओघळांसकट.

एकजण फिसकन हसला. पडद्यावरचा मी ओवी म्हणून थांबलो आणि विचारलं, "जात्याचा आवाज कसा येतो?" आणि समोर पाहत राहिलो. मी दाराची कडी घट्ट धरली. एक क्षण गेला. दुसरा गेला.

"घर्रर्र घर्रर्र," पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. मग सगळा वर्ग गोल हात फिरवत घरघरू लागला.

"छान. बस खाली," पडद्यावरचे सर म्हणाले.

मुलं बसली. खरंच बसली. पुढचा प्रश्न आला, चार हात वर गेले, एकानं उत्तर दिलं, सरांनी मान हलवली, तो कृतार्थ झाला. "रजत, बाहेर काय आहे?" असा दरडावणीचा आवाज आला तेव्हा खिडकीतून बाहेर बघणारा रजत तीनताड उडाला. "काही नाही सर, भारद्वाज होता," तो उभा राहून म्हणाला. आणि मारोतरावांनी पुढे पसरलेले पाय हळूच आत घेतले.

आता माझी अवस्था फार चमत्कारिक झाली. तास माझाच रंगत होता, पण माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं. पडद्यावरच्या त्या रंगाऱ्याला मुलं असा मान देत होती की तो मला कधी मिळाला नसेल. त्या मंजुळ बाईंचा मला इतका राग आला नव्हता, जितका त्या माणसाचा आला.

"तुम्ही कोणासाठी ओवी म्हणाल?" तो विचारत होता.

चौथ्या बाकावरून पिंकी उभी राहिली. ही मुलगी वर्षभरात आपणहून कधी बोलली नव्हती. हजेरीलाही ती नुसतं बोट वर करते. तिचे वडील शहराबाहेरच्या वाडीतल्या गोदामांवरून ट्रक घेऊन दूर दूर जातात. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि तोंड उघडलं, "वाडीच्या..."

"छान. बस खाली," पडद्यावरचे सर म्हणाले आणि पुढे निघाले.

पिंकी बसली नाही. ती पडद्याकडे पाहत राहिली. सर पुढची ओवी समजावत होते. मग तिनं मान वळवली, सगळी खोली नजरेनं शोधली आणि दाराशी मी सापडलो.

"सर," ती म्हणाली, "ते आयकून नाही राहिले."

मी पुढे कसा गेलो मला आठवत नाही. पाठ थांबवला. पडद्यावरचे सर तोंड उघडं ठेवून गोठले. मी म्हटलं, "मी ऐकतोय. म्हण, बेटा."

वाडीच्या रस्त्यानं, जाते बापाची गाडी
निंबाच्या झाडा बाई, सावली धर थोडी

'छान, बस खाली' म्हणायला मला लाज वाटली. मी तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. या वेळी दुसरी ओळ सगळ्यांनी उचलली. ती ओळ खिडक्यांतून बाहेर, मैदानावरच्या कडुलिंबापर्यंत गेली असेल. मग रजतचा हात वर. त्याला धीर धरवेना.

दुपारच्या उन्हात, कूलर बंद पडला
मायनं पदरानं, वारा मले घातला

मग हातच हात. घरात कोणासाठी कोण काय मागत होतं, कोणाचा भाऊ पुण्याला, कोणाची बहीण सासरी, कोणाची शेळी व्यायलेली. मी या बाकावरून त्या बाकाकडे नुसता धावत होतो. घंटा झाली ती कोणी ऐकली नाही. सरिता मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पुढच्या तासाच्या शिक्षकांना त्यांनी हातानंच परत पाठवलं.

मारोतराव अनिशकडे झुकून कुजबुजले. त्यांची कुजबूज दोन खोल्यांपलीकडे जाते. ते म्हणाले, तुमचे डोंगर न् नद्या चांगल्या हालतात बाप्पा, भूगोलासाठी घेऊन टाकू. ओवीचं मात्र सरांकडेच राहू द्या. अनिश हसून हो म्हणाला. तोही मघापासून मुलांबरोबर हात गोल फिरवत होता.

मला वाटलं आता ते उठतील, चार शब्द बोलतील, संस्थेच्या वतीनं माझं कौतुक होईल. त्या तयारीनं मी कपाळही पुसलं. पण मारोतराव उठले नाहीत. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत अवघडून बसले होते, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते, बोटांवर अक्षरं मोजत होते. मग इकडेतिकडे पाहत त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत वर केला, खाली घेतला, आणि पुन्हा पूर्ण वर केला.

"सर, मी म्हनू का? माझ्या मायसाठी हाय."

मी म्हटलं, "हात तसाच ठेवा, मारोतराव. आधी तिसऱ्या बाकाची पाळी आहे."